मोबाईलचा हेडी

"दात दाखीव."

खोक्यातून नवा कोरा मोबाईल काढून मी काउंटरवर ठेवला, की लिंबाजीनानांचं पहिलं वाक्य हेच. मग ते फोन उचलणार, उलटा करणार, चार्जरची पिन जाते ते भोक उजेडाकडं धरणार आणि एक डोळा मिटून आत बघणार. आतल्या त्या बारक्या पट्ट्या म्हणजे फोनचे दात. ते बघून झाले की निकाल जाहीर. "अदात हाय. घ्यायला हरकत न्हाई." आणि फोन कुणी वापरून विकायला आणलेला असला तर, "दोनदाती म्हनतोस व्हय बे? ह्याचे सगळे दात जुळून दोन पावसाळे गेले. कुनाला बनवतो?"

वर ते बरोबर निघतं, हा माझा खरा राग. मी बिलं चाळून, आतलं सॉफ्टवेअर उघडून जे वय काढणार, ते हा माणूस एका डोळ्यानं सांगून मोकळा.

ज्यांचा बैलबाजाराशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचं वय दातावरून ठरतं. दुधाचे दात पडले नसले तर तो अदात, मग दोनदाती, चारदाती, आणि सगळे आले की जुळलेला. लिंबाजीनानांनी चाळीस वर्षं हेच केलं. ते हेडी. म्हणजे जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बसून सौदा जुळवून देणारा माणूस. इकडं माजलगाव, तिकडं आष्टी, कुठल्याही बाजारात 'सिरसाळ्याचे लिंबाजी हेडी' म्हटलं की लोक बसायला जागा करून द्यायचे. पुढं ट्रॅक्टर आले, बाजारातले बैल कमी कमी होत गेले, आणि नाना एक दिवस बैलबाजारातून उठले ते सरळ माझ्या दुकानात येऊन बसले. त्यांच्या मते धंदा तोच होता, नुसतं जनावर बदललं होतं.

माझं दुकान बसस्टँडसमोर. मी सुरुवात केली तेव्हा दुकानात विकायला चार फोन आणि ते बघायला येणारी माणसं चाळीस. त्यातल्या एका फोनला वर एरियल होतं, करंगळीएवढं. एका गुत्तेदाराला तो आवडला होता. पैसे खिशातून बाहेर आले होते. नाना म्हणाले, "ह्याला एकच शिंग कावून?"

मी म्हणालो, "नाना, शिंग नाही ते. रेंज पकडायला असतं."

"काय पकडायचं ते पकडू दे. एकशिंगी जनावर दावनीला नको."

गुत्तेदारानं पैसे परत खिशात घातले. तो फोन सहा महिने काचेत पडून राहिला आणि शेवटी मला मेव्हण्याच्या गळ्यात घालावा लागला. मेव्हणा अजून ते काढतो.

तरी सांगतो, नानांनी माझं नुकसान केलं तसं दुकान चालवलंही त्यांनीच. लोक मला विचारत नव्हते, त्यांना विचारत होते. बटणांचे फोन आले, त्यांना वर बॅटरीचा उजेड, तेव्हा नाना खूष. "गरीब गाय हाय. फडात पडली तरी उठून चालती." दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघायच्या. त्याच्या आधीच्या आठवड्यात नाना अख्खी टोळी घेऊन माझ्या दुकानात यायचे आणि प्रत्येकाचा स्वभाव बघून त्याला फोन निवडून द्यायचे. तापट माणसाला जाड बटणांचा, विसराळू माणसाला लाल रंगाचा. "बिगर वैरणीचं किती तास चालतं?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. वैरण म्हणजे चार्जिंग. रिचार्जला ते पेंड म्हणायचे. पेंड महाग झाली की मला शिव्या, जशी काही मी घरी काढतो.

मग पाठीला भोंगे लावलेले फोन आले. गाणं लावलं की शेजारच्या पानटपरीवरच्या बरण्या वाजायच्या. पोरं वेडी झाली. नानांनी ऐकलं आणि मान हलवली. "हे नुसतं डुरकतंय. औताला न्हाई चालायचं." मग टचचे आले. नानांनी बोट लावलं, फोन थरथरला. "लई पातळ कातडं हाय रे ह्याचं. माशी बसली तरी अंग हालवतंय." आणि तीन कॅमेऱ्यांचा पहिला फोन मी मोठ्या हौसेनं दाखवायला काढला, तेव्हा तर कहर झाला. नानांनी तो उलटा केला आणि दचकून खाली ठेवला. "पाठीवर तीन भवरे? आन तेबी एकाच अंगाला? अरे, मालकाला खातं असलं जनावर!"

जनावराच्या अंगावर केसांचा भोवरा असतो, तो नको त्या जागी असला की लोक अशुभ मानतात. समोर नवरा-बायको उभे होते, मुलीच्या बारावीच्या निकालाचा फोन घ्यायला आलेले. बाई चार पावलं मागं सरकल्या. मी काउंटरखाली पायानं खोकी ढकलून राग काढला.

हेडी म्हणून त्यांची आणखी एक रीत होती. सौदा त्यांनी जुळवला, तर जनावराच्या खोडीला ते जबाबदार. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचा फोन हँग व्हायला लागला. नाना त्या बाईंना घेऊन, फोन टॉवेलात बांधून दुकानात हजर. "हा बसका निघाला. नांगर चालू असताना मधीच बसतोय. बदलून दे."

"नाना, गॅरंटी संपली की!"

"त्या कागदाची संपली आसंल. माझी कुठं संपली?"

दिला बदलून. काय करणार? भर बाजारात उभं राहून त्यांनी सांगितलं असतं, की ह्याच्या दुकानात खोडीचा माल मिळतो.

सौदा करायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी. खोक्यावर किंमत छापलेली, भिंतीवर ऑफरचा कागद चिकटवलेला, गिऱ्हाइकाच्या हातात नेटवरचा भाव उघडलेला. तरी नाना खांद्यावरचा टॉवेल काढणार, माझ्या हातावर टाकणार आणि त्याखाली माझी बोटं धरणार. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. बोट धरलं की आकडा, पेर दाबलं की अर्धा, तळहातावर टिचकी मारली की जमत नाही. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. हेड्याची बोटं तिसऱ्या माणसानं बघायची नसतात. "माझ्या बायकूनं मरंपत्तूर न्हाई बघितली," असं नाना मोठ्या अभिमानानं सांगायचे.

पहिल्या वर्षी मला ती भाषा येत नव्हती. मी आपला घाबरून त्यांचा अंगठा धरून बसलो, तर नाना ओरडले, "जमलं!" आणि एक फोन खरेदीच्या खाली गेला. अंगठ्याचा अर्थ काय, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

या टॉवेलखाली आणखी एक हात असायचा. तो राणीचा.

राणी म्हणजे नानांच्या मुलाची मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणंही नाही. मुलगा आणि सून दसऱ्याला ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागता लागता परत यायचे. तोवर पोर नानांकडं. आजी आधीच गेलेली. मग नाना जिथं, तिथं राणी. माझ्या दुकानात तिचं एक स्टूल ठरलेलं होतं, त्यावर दुसऱ्या कुणी बसलेलं तिला चालत नसे. नानांचा उजवा हात माझ्याशी सौदा करतोय आणि डावा तिच्या हातात. दोघांनी मिळून बैलांच्या भावाची भाषा पार मोडून आपली करून टाकली होती. पहिलं बोट धरलं की भाकर, दोन धरली की पाणी. मनगटावर टिचकी मारली की चल घरी. करंगळी मुठीत घट्ट दाबली की, भ्यायचं न्हाई, मी हाय. आणखी पुष्कळ होतं, मला एवढंच ठाऊक.

एकदा मी गंभीर चेहरा करून नानांच्या बोटांवर 'याच्या खाली परवडत नाही' असं दाबत होतो. तेवढ्यात राणी खुदकन हसली. नानांनी लगेच माझा भाव आणखी पाडला. नंतर चहा पिताना त्यांनी फोड करून सांगितलं, "तू खोटं बोललास की नाकपुड्या फुगिवतो. पोरीनं हेरलंय. मला डाव्या हातानं सांगती ती." घ्या! म्हणजे पाच वर्षांची पोर दोन वर्षं माझ्या नाकावर नजर ठेवून बसली होती, आणि मी तिला रोज गोळी देत होतो.

एवढ्या पंचक्रोशीला फोन घेऊन देणाऱ्या या माणसाकडं स्वतःचा फोन मात्र नव्हता. विचारलं की ठरलेलं उत्तर. "हेड्यानं जनावर सोताच्या दावनीला बांधलं की मया लागती. मया लागली की मंग भाव करता येत न्हाई." मुलाचा फोन यायचा तो माझ्या दुकानावर. एकदा मी फारच मागं लागलो तेव्हा म्हणाले, "आन मी घेऊन करू काय? माझं बोलायचं मानूस हे इथं स्टुलावर बसलंय. ते का फोनवर बोलनार हाय?" मी हसलो होतो. काय कळत होतं मला तेव्हा!

मग नेटवरून फोन मागवायचं खूळ आलं. पोरं घरबसल्या बोट दाबायला लागली. नानांचा विश्वासच बसेना. "न बघता? दात न बघता?" एक पोरगा म्हणाला, "नाना, हजार लोकांनी चांगला म्हणून लिहिलंय त्याच्यात." नाना म्हणाले, "हजार लोकांच्या गोठ्यात चांगला आसंल. तुझ्या गोठ्यात काय करतो ते बघ." पण गिऱ्हाईक कमी झालं ते झालंच, त्यांचंही आणि माझंही. कव्हर, काचा, चार्जर विकून मी दुकान ओढत होतो. नाना रोज येऊन बसायचे, पेपर वाचायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातातला फोन बघून "थकलाय" किंवा "पोसलाय" असं हळूच म्हणायचे.

त्याच सुमाराला गावात एक मॅडम सर्व्हे करायला आल्या. ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा आहे लांबच्या तालुक्याला, दिवाळीनंतर एक जागा होणार आहे, राणीला पाठवा म्हणाल्या. तिथं हातांच्या खुणांची रीतसर भाषा शिकवतात, लिहायला-वाचायला शिकवतात. नानांनी मॅडमना दोनदा चहा पाजला आणि त्यांच्याकडून सगळं तीनदा सांगून घेतलं.

मुलाला हे माझ्याच फोनवरून, स्पीकर लावून कळवलं. तो फडावर होता, मागं कोयत्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज. तो उसळलाच.

"आबा, मुकी पोर एकटी कुठं ठिवता? तिला काय झालं तर ती कुनाला सांगनार? येडं लागलं का तुमाला?"

"न्हाई लागलं."

"जनाची तरी ठिवा! लोक म्हनतील, पोरीत खोड हाय म्हनून घराबाहेर काढली."

नाना ताडकन उठले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "खोड? मला खोड शिकवतो? चाळीस वर्सं मी खोडी बघितल्यात. पोरीला ऐकू येत न्हाई ही खोड न्हाई. तिला शिकवायचं न्हाई, ही आपली खोड हाय."

मग मुलगा म्हणाला, "ठिवा. पन संक्रांतीपत्तूर रमली न्हाई, तर मी तिला हिकडं फडावर आनीन. आईच्या नजरंसमोर तरी ऱ्हाईल. मंग पुन्ना शाळंचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," नाना म्हणाले. हाच एक सौदा त्यांनी माझ्यासमोर तोंडानं केला.

दिवाळी झाल्यावर ते राणीला एसटीनं सोडून आले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले तेव्हा डाव्या हाताचं काय करावं त्यांना कळेना. कधी खिशात घालत, कधी मांडीखाली घेत. स्टूल मी आत ठेवून दिलं. त्यांनी ते परत बाहेर आणून ठेवलं.

दहा दिवसांनी शाळेतल्या वसतिगृहाच्या ताईंचा फोन आला. नंबर माझाच दिलेला होता. आवाज प्रेमळ होता बाईंचा, पण काळजीत होत्या. म्हणाल्या, "पोरगी दोन घास खाते आणि उठते. कुणाशी मिसळत नाही. कुणी जवळ गेलं की ओढणीखाली हात झाकते आणि तो हात पुढं करते. काय मागते, आम्हाला कळत नाही हो. बिस्कीट दिलं, पेन दिला, काहीच घेत नाही. हात तसाच धरून ठेवते." मी म्हणालो, नानांना उद्याच पाठवतो. तर म्हणाल्या, "आत्ता आले तर ती त्यांच्याबरोबरच निघेल, परत यायची नाही. रविवारी व्हिडिओ कॉल करा. मुलांचे आईबाप करतात. बघू काय होतं. नाहीच जमलं तर मग न्यायला या."

मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. ओढणीखालच्या हातापर्यंत आलो आणि त्यांनी शेजारचं रिकामं स्टूल जवळ ओढलं.

"बिस्कीट कशाला देत्यात," म्हणाले. "ती बोलाया मागतीय रे. बोलाया मागतीय आन हात धराया कुनी न्हाई."

मी उगाच काउंटर पुसायला घेतलं. दुकानात कुणी नव्हतं ते बरं.

जरा वेळानं नाना उठले. "काढ."

"काय काढू?"

"फोन काढ. मला पायजे."

वीस वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती, पण आनंद करायची ती वेळ नव्हती. मी एकेक खोकं उघडत गेलो. नानांनी एकाचेही दात बघितले नाहीत. आवाज बघितला नाही, वैरण विचारली नाही. प्रत्येक फोनसमोर स्वतःचा पंजा धरायचा आणि आत बघायचं. "ह्यात पेरं दिसत न्हाईत." ठेव बाजूला. "ह्यात बोटं एकमेकाला चिकटल्यावानी दिसत्यात." ठेव. "हा मागं पडतोय. मी तीन बोटं केली तरी हा दोनच दाखिवतो." सहा फोन झाले. सातवा त्यांनी बराच वेळ न्याहाळला, पंजा जवळ-लांब करून पाहिला. हाताच्या रेघासुद्धा स्वच्छ दिसत होत्या.

"हा."

"नाना, पाठीवर तीन भोवरे आहेत त्याला."

"भवऱ्यांचं बघू मागनं."

मग खरी अडचण त्यांच्या ध्यानात आली. आजोबा-नातीची ती भाषा डोळ्यांनी बघायची नव्हतीच. ती हात धरून बोलायची होती. फोनमधून तिची करंगळी धरणार कशी? दोन दिवस नाना दुकानात बसून एकच विचार करत होते. शेवटी ठरवलं, आपलाच डावा हात तिचा समजायचा आणि उजव्यानं धरून दाखवायचं. मला समोर बसवून तालीम केली. मी काय सांगू शकणार? मला भाकर आणि पाणी कळलं, बाकीच्याला मी माना हलवल्या. त्यांनी माझ्या नाकाकडं बघितलं आणि तालीम आटोपती घेतली.

तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, त्यामुळं त्या रविवारी सिरसाळ्यात लग्नाच्या खरेदीला ही गर्दी. माझ्या दुकानात जावयाला फोन घ्यायला आलेली दोन वऱ्हाडं, बाहेर चहावाले, पानवाले, शिवाय नानांच्या वयाचे एक हेडी, बाजारातले त्यांचे जुने जोडीदार. नानांचा व्हिडिओ कॉल आहे म्हटल्यावर कुणी हलायला तयार नाही. मी आत चला म्हणालो, तर आत रेंज नाही. काउंटरवर फोन डब्याला टेकवून उभा केला आणि मी कॉल लावला.

ताईंचा चेहरा दिसला, मग फोन हलला आणि राणी दिसली. दोन आठवड्यांत एवढंसं तोंड झालं होतं पोरीचं. नानांना बघून तिचे डोळे मोठे झाले, आणि तिनं ओढणी हातावर ओढून हात पुढं केला, सरळ फोनच्या काचेपर्यंत.

आणि नानांनी काय करावं? चाळीस वर्षांची सवय! खांद्यावरचा टॉवेल झपकन काढला आणि टाकला, स्वतःच्या हातावर आणि फोनवर, दोन्हींवर. आणि टॉवेलखाली बोटं चालवायला लागले.

"नाना!" मी ओरडलो. "नाना, तिला अंधार दिसतोय! टॉवेल काढा!"

पलीकडून राणीच्या हुंदक्यांचा आवाज यायला लागला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

नानांनी वर बघितलं. वऱ्हाडं, चहावाले, पानवाले, सगळे त्यांच्या हाताकडं टक लावून उभे होते. "चार लोकांत?" ते मला म्हणाले, अगदी हळू. "चार लोकांत कसं रे दाखवू?"

"दाखवा हो नाना. तिच्यासाठी दाखवा."

मग त्यांनी टॉवेल ओढून खाली टाकला आणि दोन्ही हात उघडे करून फोनसमोर धरले. बाहेर उभ्या असलेल्या त्या जुन्या हेड्यांनी चटकन तोंड रस्त्याकडं फिरवलं. वऱ्हाडातल्या लोकांनाही म्हणाले, "बघू नगा. हिकडं बघा, हिकडं." कुणी ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी.

नानांनी डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत घट्ट दाबली. परत दाबली. राणी रडता रडता नुसती बघत राहिली. कळलं नाही तिला. आयुष्यात तिनं ही भाषा डोळ्यांनी कधी बघितलीच नव्हती. नानांनी तिसऱ्यांदा दाबली, आणि तोंडानं बोलत होते, "भ्यायचं न्हाई, राने, मी हाय. भ्यायचं न्हाई." मी मनात म्हटलं, गेलं. आता फडावर जाते पोर.

मग राणीनं ओढणी बाजूला केली. आपल्या डाव्या हाताकडं बघितलं, फोनमधल्या हाताकडं बघितलं, आणि हळूच आपली करंगळी आपल्याच मुठीत धरून पाहिली. धरली, आणि तिचं तोंड उजळलं. पुढं दोघांचे हात जे सुटले! नाना पहिलं बोट धरतात, ती मान हलवते. नाना दटावतात, ती हसते. अर्धा तास चाललं. एका वऱ्हाडातली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "काय बोलत्यात म्हनावं?" नाना मान न वळवता म्हणाले, "जेवन. दुसरं काय?"

फोन ठेवल्यावर मी भाव करायला हात पुढं केला, रीत म्हणून. नानांनी खोक्यावरची किंमत वाचली आणि तेवढीच दिली. "आज सौदा नको. बोटं दमल्यात."

आता दर रविवारी नाना येतात. घरी रेंज आहे, पण दुकानातच येतात आणि काउंटरच्या मधोमध बसतात. राणी जेवते, मैत्रिणी झाल्यात, त्या पण मधे मधे तोंडं घालतात. शाळेतल्या खुणांची भाषा तिनं भराभर उचलली आणि आता ती नानांना शिकवते. नाना फार ढ विद्यार्थी आहेत. चुकले की ती कपाळाला हात लावते. मी बाजूला बसून शिकतो, मला त्यांच्यापेक्षा लवकर येतं, हे मी त्यांना दोनदा ऐकवलंय.

संक्रांतीच्या आधल्या रविवारी नानांच्या मुलाचा फोन आला, यावेळी नानांच्याच फोनवर. "आबा, काय ठरलं मंग? येऊ का तिला न्यायला?"

"नगं," नाना म्हणाले. "मला नाव ठिवलंय तिनं."

"काय ठिवलं?"

नानांनी फोन माझ्याकडं दिला. मीच त्याला सांगितलं. त्या शाळेत मुलं प्रत्येक माणसाला एक खूण ठरवतात, तेच त्याचं नाव. नानांच्या उजव्या कानात सोन्याची बाळी आहे. तान्ही असताना कडेवर घेतलं की राणी ती धरून बसायची. तर तिनं मैत्रिणींना आपला आजोबा सांगताना उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून दोनदा ओढली. झालं, अख्ख्या वसतिगृहात नानांचं ते नाव पडलं, सकाळीच ताईंनी कळवलं होतं. मग मुलगा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मंग तिला. शिकू द्या." आणि, "मला काय ठिवलंय म्हनावं नाव?"

फोन ठेवल्यावर नाना मला म्हणाले, "नऊ वर्साची झाली पोर. आजपत्तूर तिनं मला हाक मारलीच न्हवती रे. कावून मारंल? हात कायम हातात."

तेवढ्यात तिचा कॉल आला. स्क्रीनवर राणी, मागं चार-पाच पोरी. नाना चष्मा शोधत खिसे चाचपत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. राणीनं कानाची पाळी धरली आणि दोनदा ओढली. मी नानांना कोपरानं ढोसलं. त्यांनी वर बघितलं. तिनं परत ओढली.

"ओ!" नाना म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की समोर बसस्टँडवर उभ्या असलेल्या एसटीतल्या माणसांनी खिडकीतून वाकून बघितलं.